परळच्या काकांनी बसवलेली काढता-घालता येणारी रबरी टाच, दहा महिने वापरून लिहितोय

आधीच सांगतो, हे ऑनलाइन मागवलेलं प्रॉडक्ट नाहीये, कुठल्या कंपनीचं पण नाहीये. परळला हॉस्पिटलांच्या पट्ट्यात एका गल्लीच्या तोंडाशी एक काका बसतात, चार बाय सहाचा गाळा, समोर लोखंडी ऐरण, रापी, आरी, कानस, चुकांचा म्हणजे बारीक खिळ्यांचा डबा आणि सोल्युशनचा वास. त्यांनी माझ्या फॉर्मल शूजला जी टाच बसवलीय ती एका स्क्रूवर निघते आणि नवीन बसते, त्याबद्दल लिहितोय. गाळ्याचं नाव टाकू नको असं त्यांनीच सांगितलंय, कारण आठवड्याला दोन-तीन जोडच जमतात आणि आधीच काम साठलंय. पण डिझाइन लपवायचं काही कारण नाही म्हणाले, उलट कुणी दुसऱ्याने केलं तर चांगलंच, म्हणून जरा खोलात जाऊन लिहितो, म्हणजे तुमच्याकडच्या बूटवाल्याला दाखवता येईल.

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा माणूस, डॉक्टरांना भेटत फिरणारा. केईएम, वाडिया, टाटा आणि मधले सगळे क्लिनिक्स, दिवसभर चालणं, जिने, आणि डॉक्टरांच्या केबिनबाहेर तासन् तास उभं राहणं. शूज लागतातच आणि ते नीट दिसावे लागतात. आणि शूज मरतात कुठून तर टाचेतून. वरचं लेदर छान असतं, पुढचा सोल छान असतो, फक्त टाचेचा मागचा बाहेरचा कोपरा झिजून तिरका होतो. तुमचे पण शूज आत्ता उलटे करून बघा, बहुतेकांचा तोच कोपरा गेलेला असतो, कारण चालताना पाय आधी तिथेच टेकतो, टाचेच्या मागे आणि किंचित बाहेरच्या बाजूला, आणि अंगाचा भार आधी त्या एवढ्याशा कोपऱ्यावर येतो आणि तो पण घासत येतो. एकदा कोपरा चार-पाच एमएम गेला की पाय बाहेरच्या बाजूला कलतो, मग वरचं लेदर पण त्या बाजूला झुकतं, आणि मग घोटा आणि गुडघा बोलायला लागतात. मला गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याचा त्रास सुरू झाला तेव्हा ऑर्थोवाल्या डॉक्टरांनी एक्सरेच्या आधी माझे शूज बघितले होते.

एका मोठ्या ब्रँडचे शूज होते, ४,२०० ला घेतलेले, दुकानात विचारलं की फक्त टाच बदलून मिळेल का, तर म्हणाले टाच वेगळी येत नाही सर, नवीन जोड बघा. नवीन जोड! ४,२०० चं लेदर शाबूत असताना एवढ्याशा रबरासाठी. मला तेव्हा खूप राग आला होता आणि अजूनही येतो.

मग नेहमीचा उपाय, पॅच. रबराचा तुकडा सोल्युशनने चिकटवायचा आणि चार चुका ठोकायच्या. तीन महिने जातो. पुन्हा पॅच. अडचण अशी की प्रत्येक वेळी जुना उपटताना चुकांची भोकं पडतात आणि टाचेतल्या चामड्याच्या थरांचा एक पापुद्रा त्याच्याबरोबर निघून येतो. चार-पाच पॅचनंतर आतली टाचच चाळणी होते, चूक धरतच नाही. काका म्हणाले, "अरे, रबर झिजायलाच बनवलंय, त्याचं कामच ते आहे. आपण ते बदलताना टाच खराब करतो, चूक तिथे आहे." त्यावरून विषय निघाला की असं काहीतरी करू की वरची टाच कायमची राहील, तिला पुन्हा हात लावायला नको, आणि खालचं रबर ब्रेकच्या लायनरसारखं बदलता येईल.

कल्पना काही आज आलेली नाहीये. रबरी टाचेचं पहिलं मोठं नाव म्हणजे हम्फ्री ओसुलिव्हन, आयर्लंडहून अमेरिकेत गेलेला छापखान्यातला कामगार, मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल गावचा. दिवसभर दगडी फरशीवर उभं राहून पाय दुखायचे म्हणून तो रबराची चटई टाकून त्यावर उभा राहायचा, ती चटई इतर लोक उचलून न्यायचे म्हणून त्याने तिचे टाचेएवढे दोन तुकडे कापले आणि बुटाला ठोकले, अशी गोष्ट सांगतात. पेटंट १८९९ चं आहे. उभं राहून काम करणाऱ्या माणसाने शोधलेली गोष्ट आहे ही, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्यानंतर इंग्लंडमध्ये गोल फिरत्या टाचा निघाल्या, वुड-मिल्न नावाच्या कंपनीच्या त्या खूप खपल्या. रबराची गोल चकती, मधोमध एकच स्क्रू, एक बाजू झिजली की चकती थोडी फिरवायची, नवी कड मागे आली. हे वाचल्यावर मी फोटो घेऊन काकांकडे धावत गेलो होतो.

काकांनी फोटो नीट बघितला, माझा बूट उलटा केला आणि खडूने त्यावर गोल काढला. टाच इंग्रजी डी अक्षरासारखी असते, पुढून सपाट आणि मागून गोल. त्यात बसणारा गोल काढला की पुढचे दोन कोपरे उघडे राहतात, आणि चकती टाचेच्या कडेपर्यंत नेली तरी वजन सगळं चकतीवर आणि कोपरे हवेत. वर एकच स्क्रू मधोमध, त्यामुळे टाच टेकताना चकतीला पीळ बसतो आणि स्क्रू हळूहळू सैल होतो. काका म्हणाले, "डोकं चांगलं चालवलंय त्याने, पण आपल्याला टाच पूर्ण भरायचीय." मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला आधी कधीच सुचली नव्हती.

डाव्या बुटाची टाच कुठे झिजते? मागचा डावा कोपरा. उजव्याची? मागचा उजवा. आता समजा दोन्ही रबरं अगदी एकसारखी, दोन्ही बाजूंनी सारखी कापली, डावं-उजवं असा फरकच ठेवला नाही, तर डाव्याचं रबर काढून उजव्याला लावता येईल. त्याचा झिजलेला डावा कोपरा आता उजव्या बुटाच्या आतल्या बाजूला गेला आणि बाहेरच्या बाजूला कोरा कोपरा आला. म्हणजे फिरवायची गरजच नाही, फक्त अदलाबदल. एका जोडीत दोन आयुष्यं. बाजारातल्या बुटांच्या टाचा थोड्या वाकड्या असतात, आतली बाजू जरा पुढे काढलेली असते, म्हणून हे जमत नाही, काकांनी माझ्या शूजची वरची टाच कानशीने घासून आधी सरळ एकसारखी केली. एक-दीड एमएमचा फरक होता फक्त.

आता रबर अडकवायचं कसं, इथे खरी मजा आहे आणि इथेच आमचे दोन महिने गेले. रबराला सरळ स्क्रू मारला तर रबर दाबलं जातं, स्क्रूचं डोकं त्यातून फाडून बाहेर येतं. म्हणून रबराच्या पाठीला कडक प्लेट हवीच. काकांचा पुतण्या भांडुपला एका वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनवर आहे, त्याने नायलॉनच्या दोन प्लेटी काढून दिल्या. एक वरची, ती बुटाच्या टाचेला कायमची, तिच्यात उभी खाच, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद. दुसरी खालची, तिला तसाच दांडा, आत रुंद आणि बाहेर अरुंद. दांडा खाचेत सरकवला की खाली ओढून निघत नाही, ड्रॉवरसारखा फक्त सरकून निघतो. त्या खालच्या प्लेटीला रबर.

पहिल्या जोडीत खाचेचं तोंड मागे ठेवलं होतं, कारण मागून सरकवणं सोपं, बूट हातात धरला की समोरच दिसतं. गेल्या सप्टेंबरात घालून निघालो, चौथ्या दिवशी परळ स्टेशनला गाडीसाठी पळत आलो, डब्यात शिरायच्या आधी गर्दी बघून एकदम थांबलो आणि उजव्या पायाखालून टाच मागे सटकून प्लॅटफॉर्मवर गेली. मागून येणाऱ्या एका मावशींचा पाय तिच्यावर पडता पडता राहिला. त्याचं मला अजून वाईट वाटतं, त्या पडल्या असत्या तर. तुकडा उचलला आणि सरळ काकांकडे.

काकांनी मला गाळ्यासमोर दहा पावलं चालायला लावलं आणि स्वतः खाली वाकून बघत बसले. मग म्हणाले, "तू पुढे चालतोस ना, टाच टेकते तेव्हा तुझा पाय पुढे जात असतो आणि जमीन त्याला अडवते. म्हणजे रबराला जमीन मागे ढकलते. आणि आपण दार मागेच ठेवलं." इतकं साधं. पाय जोर लावून मागे ढकलतो तेव्हा टाच आधीच उचललेली असते, तेव्हा जोर पंजावर. म्हणजे टाचेला बसणारा सगळा मोठा धक्का मागच्याच दिशेने आहे. तर खाच मागून बंद हवी, भिंत हवी, आणि तोंड पुढे, पायाच्या कमानीच्या बाजूला. तिथे बुटाखाली रिकामी जागा असतेच, त्यातून रबर आत घालून मागे सरकवायचं, ते भिंतीला जाऊन टेकतं. आता प्रत्येक पाऊल टाकताना जमीन त्याला भिंतीवरच दाबते, चालण्यानेच ते घट्ट बसतं. स्क्रू आहे पण तो फक्त पुढे सरकू नये म्हणून, चालण्याचा भार त्याच्यावर येतच नाही. मला हे डिझाइन इतकं आवडलं की त्या रात्री मी बायकोला जेवताना चमचा आणि ताटलीची कड घेऊन समजावून सांगितलं.

स्क्रूबद्दल पण सांगतो, कारण कुणी करायला घेतलं तर इथे चुकेल. स्क्रू खालून, चार एमएमचा, स्टेनलेस स्टीलचा, आणि वरच्या नायलॉन प्लेटीत पितळी नट दाबून बसवलाय, त्यात तो फिरतो. नायलॉनमध्येच आटे पाडले तर चार-पाच वेळा काढ-घाल केल्यावर ते खलास होतात. साधा लोखंडी स्क्रू मुंबईच्या पावसात एका महिन्यात गंजून जाम होतो, मग ज्यासाठी एवढं केलं तेच होत नाही, टाच निघतच नाही. स्क्रूचं डोकं रबराच्या आत खोल बुडवलंय, पाच एमएम. रबर आठ एमएमचं आहे. म्हणजे रबर झिजत झिजत स्क्रू फरशीला लागायच्या आत बदलायचं, आणि भोकात बोट घालून बघितलं की किती उरलंय ते कळतं, वेगळी खूण नको. डोक्याची खाच रुंद ठेवलीय, एक रुपयाच्या नाण्याने फिरते. मी एका वॉर्डबाहेर बाकावर बसून एकदा बदललंय, पाच मिनिटं लागली दोन्ही पायांची.

रबर कुठलं यावर पण तीन जोड्या वाया गेल्या. पहिलं साधं मायक्रोचं शीट लावलं, हलकं मऊ छान, पण ते आत फुगीर, हवेच्या बारीक फुग्यांचं असतं, काही दिवसांतच कोपरा गेला आणि दाबून पण बसलं. मग काकांनी ठक्कर बाप्पा कॉलनीतून, तिथे बूट बनवणाऱ्यांची आणि बुटाच्या सामानाची दुकानं आहेत ना कुर्ला-चेंबूरच्या मधे, तिथून कडक टाचेचं रबर आणलं. ते टिकलं असतं, पण ओल्या लादीवर घसरायला लागलं. हॉस्पिटलची फरशी पुसून नुकती झालेली असते आणि मी बॅग घेऊन वळतो, मला दोनदा भिंत धरावी लागली. कडक रबर कमी झिजतं पण ओल्या गुळगुळीत फरशीवर धरत नाही, मऊ धरतं पण लवकर जातं, हे भांडण सुटत नाही, मधला काटा शोधावा लागतो. शेवटी काकांनी जे आणलं ते बघून मी जरा नाराज झालो होतो, कन्व्हेयर बेल्टचा तुकडा. कारखान्यात माल वाहणारा पट्टा. पण त्यात गंमत अशी की पट्ट्याच्या आत कापडाचे थर असतात. रबर खाली, कापडाची बाजू वर प्लेटीकडे. नायलॉनला सोल्युशन नीट धरत नाही, कितीही खरवडा, आठवड्यात सुटतं, म्हणून चार बारीक स्क्रू खोल बुडवून मारलेत आणि त्यांची डोकी कापडाच्या थरावर बसलीत, कापड त्यांना फाडून जाऊ देत नाही. हे ऐकायला छोटं वाटेल पण मला वाटतं अख्ख्या टाचेतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच आहे. खालच्या बाजूला काकांनी रापीने आडव्या चार खाचा पाडल्यात, पाणी निघून जायला.

एक त्रास राहिलाच, हे रबर काळं आहे. काळं का, तर त्यात काजळी घातलेली असते, टायरमध्ये असते तीच, त्यानेच ते झिजायला चिवट होतं. पण पांढऱ्या लादीवर पाय घासला की काळी रेघ उठते. एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवरच्या ताईंनी मला फरशी दाखवली तेव्हा मी रुमाल ओला करून स्वतः पुसली. आता तिथे पाय उचलून चालतो. काका पिवळसर रबर शोधतायत, पण तसं मिळालेलं जे होतं ते लवकर झिजलं. ज्यांच्या घरी पांढरं मार्बल आहे त्यांनी हा विचार आधी करा.

आता हिशोब. प्लेटी बसवायचे, टाच कापून लेव्हल करण्यासकट, ६५० घेतले. रबराची जास्तीची जोडी, प्लेटीसकट तयार, १२० ला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या डिझाइनची टाच लावली, जानेवारीच्या मध्याला डावी-उजवी अदलाबदल केली, एप्रिलच्या शेवटी ती जोडी काढली. म्हणजे जवळजवळ सात महिने एक जोडी. मेपासून दुसरी चालू आहे, आता जुलै संपत आलाय, पुढच्या आठवड्यात अदलाबदल करेन. अदलाबदल कधी करायची याचा काकांचा नियम, तीन एमएम झिजायच्या आत. जास्त थांबलात तर बदलल्यावर आतली बाजू एकदम खाली जाते आणि पाय आत कलतो, तो पण त्रासच. मी जानेवारीत आठवडाभर उशीर केला होता तर दोन दिवस चालताना वेगळं वाटत होतं, मग बसलं.

बुटाची उंची बदलता कामा नये, हे पण लक्षात ठेवा. प्लेटी दोन आणि रबर मिळून सोळा एमएम होतं, म्हणून काकांनी जुनं रबर काढून वरून चामड्याचे थर दहा एमएम कापले, मग लावलं. नुसतं खाली वाढवत गेलं तर टाच उंच होते, बोटं पुढे दाबली जातात आणि बुटाचा पुढचा भाग जिथे वाकायचा तिथे वाकत नाही. वजन मी घरच्या काट्यावर केलं, एका बुटाला पंचवीस ग्रॅम वाढले. पहिल्या दिवशी जाणवलं, नंतर नाही.

पावसाळ्याचं सांगायलाच हवं. चिखल आणि बारीक खडी खाचेत जाते, पुढचं तोंड उघडं आहे ना. जूनमध्ये एकदा अशी रेती अडकली की टाच अर्ध्यातच अडून बसली, पुढेही नाही मागेही नाही. आता आठवड्यातून एकदा काढून जुन्या टूथब्रशने खाच धुतो, कोरडी करतो, परत लावतो. स्क्रूच्या भोकात पण माती भरते, तिथे काकांनी रबराचं बूच दिलंय, त्यातलं एक हरवलं. आणि स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब, हे बायकोने सुचवलं, काकांना पटलं, आता ते सगळ्यांनाच लावून देतात. दोन महिन्यांपूर्वी डाव्या टाचेतून टकटक यायला लागलं होतं, दांडा खाचेत किंचित सैल झालेला, काकांनी मधे पातळ चामड्याची पट्टी घातली, आवाज गेला. आवाज आला की दुर्लक्ष करू नका, हलणारी प्लेट खाच खाऊन टाकते.

सगळ्या शूजला हे होत नाही, काका सरळ नाही म्हणून परत पाठवतात. आजकालच्या बऱ्याच शूजचा सोल आणि टाच एकत्र ओतलेला असतो आणि टाच आतून पोकळ, मधमाशीच्या पोळ्यासारखी. तिला कापलं तर आत भोकंच. कधी कधी काका आत ठोकळा भरून देतात, २०० जास्त, पण ते प्रत्येक वेळी टिकेलच असं नाही, ते आधीच सांगतात. आणि पीयू म्हणजे पॉलीयुरेथेनचा सोल असेल तर हातच लावत नाहीत. माझ्या लग्नातले शूज पीयूचे होते, दोन पावसाळे कपाटात बॉक्समध्ये राहिले, तिसऱ्या वर्षी काढले आणि दारातून बाहेर पडेपर्यंत सोलचा चुरा पडला, अक्षरशः खाकऱ्यासारखा. मला वाटलं वापरले नाहीत म्हणून चांगले असतील. पण पीयूला हवेतला दमटपणाच आतून तोडत जातो, वापरा किंवा नका वापरू, आणि मुंबईत दमटपणा म्हणजे काय ते सांगायला नको. गंधक घालून तापवून पक्क्या केलेल्या रबराला हे होत नाही, म्हणून काका म्हणतात की थरांची चामड्याची टाच आणि खाली रबर असा बूट घ्या, दिसायला जुना वाटेल पण दुरुस्त होईल. शूज घेताना मी आता आधी टाच ठोकून बघतो, आवाज भरीव येतो का पोकळ.

लेडीज सँडलला रुंद ब्लॉक हील असेल तर छोटी प्लेट बसते, माझ्या बहिणीच्या एका जोडीला बसवलीय, ती कोर्टात प्रॅक्टिस करते, खूश आहे. टोकदार हीलला याची गरजच नाही, तिथे आधीपासूनच टिप असते, पिन भोकात ठोकलेली, ती उपटून नवी ठोकायची. आणि एकाने कोल्हापुरी आणली होती माझ्यासमोर, प्लेट लावून द्या म्हणून. काकांनी चप्पल हातात घेऊन त्यावरची वादीची शिलाई त्याला दाखवली. म्हणाले, "ही पूर्ण चामड्याने शिवलीय, यात मी मशीनची प्लेट घुसवणार नाही, खाली पातळ रबर चिकटवून देतो, पाऊस सोडून वापर." काका मूळचे साताऱ्याकडचे, त्यांचे वडील कोल्हापुरी करायचे. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सातारा जिल्हा पण आहे, हे त्यांना मी सांगितलं तर म्हणाले माहितीये, आणि लगेच दुसऱ्या बुटाला लागले.

काकांच्या कामात मला खटकलेली गोष्ट एकच, वेळ. गुरुवारी देतो म्हणाले की पुढच्या मंगळवारी धरून चला. प्लेटी भांडुपहून येतात, पुतण्याला सुट्टीच्या दिवशीच मशीन मिळते, त्यामुळे त्यांच्या हातात नसतं, पण ते आधी सांगितलं तर बरं. माझ्याकडे दुसरा जोड नव्हता तेव्हा मी पाच दिवस जुन्या स्पोर्ट्स शूजवर डॉक्टरांकडे गेलो आणि मॅनेजरचं ऐकलं. आता बसवायला देताना दुसरा जोड हाताशी ठेवा. आणि बिल मिळत नाही, वहीत लिहून देतात, वॉरंटी म्हणाल तर काका स्वतःच. प्लेट तडकली तर फुकट बदलून दिली मला, एकदा, काही न विचारता.

माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. त्यांच्या काळ्या बुटांच्या टाचांना लोखंडी नाल ठोकलेली असायची, घोड्याच्या नालेसारखी छोटी, म्हणजे झिजणार नाही. झिजायची नाही हे खरं, पण लोखंडच ते, प्रत्येक धक्का सरळ वर गुडघ्यात. रात्री चाळीच्या जिन्यावर ती टक टक ऐकू आली की आई गॅसवर तवा ठेवायची. अठ्ठावीस वर्षं उभं राहून त्यांनी तिकिटं फाडली, आता दोन्ही गुडघे गेलेत, आणि घरात पण भिंत धरून चालतात. गेल्या महिन्यात त्यांना घेऊन काकांकडे गेलो होतो. काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला, त्यांचे बूट उलटे करून बघितले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही डाव्या पायावर उभे राहायचात, हात वरच्या दांडीला." बाबा बघतच राहिले. मग काकांनी सांगितलं की यांना बेल्टचं रबर नको, मऊ हवं, लवकर झिजलं तरी चालेल, बदलता येतं ना. दोन जोड्या सांगून आलोय. मंगळवारी मिळतील असं म्हणालेत.